नंदीछाप ढेपेचा सिनेमा

ढाणकीच्या बाजारात रूपसिंगला त्याच्या नावापेक्षा त्याच्या बैलामुळे जास्त ओळखत. 'चांद्यावाला रूपसिंग' म्हटलं की थेट उमरखेडपर्यंतची माणसं ओळख देत. चांद्या हा त्याचा काळसर अंगाचा, कपाळावर पांढरा चांद असलेला बैल. बाजारात फुलचंद शेठची सरकीच्या तेलाची गिरणी होती. तेल काढून जी उरायची ती ढेप, म्हणजे गुरांचं खाणं, आणि ती 'नंदीछाप' या नावानं विकली जाई. पोत्यांवरचा तो नंदी काढताना रंगाऱ्यानं समोर उभा केला होता तो चांद्याच. तालुक्यातल्या निम्म्या गोठ्यांत त्यामुळे रूपसिंगच्या बैलाचं चित्र पडलेलं असे. ते बहुतेक वेळा शेणात पडलेलं असे हेही खरं, पण रूपसिंगला त्याचं काही वाटत नसे.

माणूस वाईट मुळीच नव्हता. बिडीपलीकडे व्यसन नाही, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. एकच खोड होती, त्याला कौतुकाची भूक फार. त्याला कारणही होतं. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडलेला. रेल्वे आली, मोटारी आल्या, लदणीचे बैल गेले, आणि ढाणकीबाहेरच्या नाल्याकाठी बंजाऱ्यांचा तांडा जो बसला तो कायमचाच. आता सगळे शेतकरी झाले होते. रूपसिंगची थोडी ज्वारी, थोडी कपाशी आणि एक गाडी होती. हंगामात तो गिरणीला सरकी पोचवी आणि तिथून ढेप बाजारोबाजारी नेई. पण आपली माणसं बैलांची माणसं होती, अर्धा मुलूख आपल्या बैलांच्या पायांवर जेवला, हे जगाला कुणीतरी एकदा सांगावं असं त्याला मनापासून वाटे. जगाला काय, ते ऐकायला सवड नव्हती.

एकसष्टच्या दिवाळीनंतर फुलचंद शेठ मुंबईला जाऊन आले आणि येताना डोक्यात खूळ घेऊन आले. तिथल्या थेटरात मुख्य सिनेमाच्या आधी त्यांनी साबणाची एक चिमुकली फिल्म पाहिली होती. एक बाई हसली, तिनं साबण दाखवला, संपलं. आणि बाहेर पडताना शेठच्या मागच्या बायका त्याच साबणाची गोष्ट करत होत्या. झालं. शेठ परत आले ते 'आपल्या ढेपेचा सिनेमा काढायचा' असं म्हणतच. त्यातून उमरखेडच्या नव्या गिरणीनं घोडाछाप ढेप काढली होती. घोडा ढेप खातो का, असं शेठ येईल त्याला चिडून विचारत आणि उत्तराची वाट पाहत.

सिनेमा कसा असावा हे ठरवायला गादीवर बैठक बसली. शेठ, रूपसिंग आणि जफरभाई. जफरभाई बाजाराच्या तंबूत सिनेमाचं यंत्र चालवायचा, म्हणून सिनेमातला तो गावचा एकमेव जाणकार. शेठला सिनेमात इंजिन हवं होतं, गोदाम हवं होतं, तोलकाटा हवा होता आणि वडिलांचा हार घातलेला फोटो तर हवाच होता. जफरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "शेठजी, इतकं दाखवसान तं पब्लिक बिडी प्यायले बाहेर जाईन. परदा म्हनजे आपलं गोदाम नोहे."

जफरचं म्हणणं, गोष्ट पाहिजे. मग गोष्ट शोधणं सुरू झालं. मरतुकडा बैल नंदीछाप ढेप खातो आणि शंकरपटाच्या शर्यतीत पहिला येतो, ही गोष्ट शेठला पसंत पडली. पण मरतुकडा म्हणून चांद्याला उभा करायला रूपसिंग काही केल्या तयार होईना. माझा बैल पडद्यावरसुद्धा उपाशी दिसायचा नाही, असं त्यानं बजावलं. शेवटी मरतुकडा बैल दुसऱ्या कुणाचा आणायचा आणि धष्टपुष्ट तेवढा चांद्या, असं ठरलं. मुंबईच्या फिल्मवाल्यांना शेठनी काम दिलं. रूपसिंग त्या दिवसापासून जमिनीवर चालत होता की नाही कोण जाणे. शेठनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि तो वर बसून खालच्यांना हात करत होता.

माघात जीप आली. तीन पायांवर उभा राहणारा कॅमेरा, चंदेरी कागद डकवलेल्या फळ्या धरणारे दोन गडी, आणि हॅट घातलेला एक तरुण दिग्दर्शक. त्याचं सगळं बोलणं हिंदीतून चाले. चांद्यानं ढेप खाल्ली, गाडी ओढली, मान हलवली. दुपारपर्यंत हेच चाललं. मग दिग्दर्शक ढेपेच्या पोत्यावर बसला आणि म्हणाला की बैल खातो, बैल चालतो, पण यात काळजाला लागणारं काय आहे? शेठचा चेहरा पडला. जफर कॅमेऱ्याकडे पाहत राहिला. तेवढ्यात रूपसिंगनं तोंड उघडलं. जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही.

त्यानं सांगितलं की आमच्यात पोरगी सासरी निघते तेव्हा बैलाच्या पाठीवर उभी राहते, दोन्ही हात वर करते आणि हवेली म्हणते. हवेली म्हणजे वाडा नव्हे. हवेली हे गाणं. गाणं तरी कसं म्हणायचं, निम्मं ते रडणंच. बापाचं घर भरलेलं राहो, भावांच्या दावणी भरलेल्या राहोत, माझ्या मागं तांड्यावर कुणाला काही उणं पडू नये, असं ती एकेकाचं नाव घेऊन मागते आणि मग खाली उतरून निघून जाते. बापानं लेकीला वाढवायचं आणि शेवटी तिच्या तोंडून हे ऐकायचं. रूपसिंगला दोन मुलगे आणि मुलगी एकच, मानी. म्हणजे त्याच्या नशिबी हवेली एकदाच होती, आणि ती तो आता पोत्यावर बसलेल्या माणसाला समजावून सांगत होता.

दिग्दर्शक ताडकन उठला. हेच पाहिजे, म्हणाला. शेठ तर टाळी देऊन मोकळे झाले. नंदीछाप खाल्लेला बैल लेकीचा भार असा तोलतो, हे वाक्य त्यांना तिथल्या तिथे सुचलं आणि त्यांनी ते सगळ्यांना दोनदोनदा ऐकवलं.

आता मुलगी कुणाची? तांड्याच्या नायकाला, खेमसिंगला विचारलं. म्हातारा म्हणाला की दुसऱ्याच्या पोरीला मी सांगणार नाही. बैल तुझा, गोष्ट तुझ्या तोंडची, तुझी पोर तू जाण. हे 'हो' नव्हतं. पण ज्याला 'हो' ऐकायचं असतं त्याला ते कशातूनही ऐकू येतं.

घरात त्यांचं बोलणं गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत चाले, आपण ते वऱ्हाडीतच ऐकू. बिजलीबाईनं ज्वारी पाखडता पाखडता नवऱ्याचं सगळं ऐकलं आणि सूप खाली ठेवलं.

"हवेली खेळ नाई," ती म्हणाली. "म्हनली का पोरगी गेली."

रूपसिंगनं रामलीलेचं उदाहरण दिलं. तिथं पुरुष सीता होतो, म्हणून काय त्याला रावण नेतो? बिजलीबाई म्हणाली की ती सीता दुसऱ्याच्या घरची असते. यावर रूपसिंग रागावला. आपल्या लोकांना कुणी विचारत नाही म्हणून आयुष्यभर रडायचं, आणि कुणी मुंबईहून दाराशी आलं की दार लावून घ्यायचं, असं तो बरंच काही बोलला. त्यात खोटं काहीच नव्हतं. बिजलीबाईनं सूप पुन्हा उचललं.

मानी सतरा वर्षांची. पुसदकडच्या तांड्यातल्या रामधनशी तिची सगाई झाली होती आणि लग्न वैशाखात होतं. तांड्यातल्या जाणत्या बायका रोज संध्याकाळी तिला निरोपाची गाणी शिकवत होत्या. प्रत्येकाच्या गळ्यात पडून म्हणायचा तो ढावलो आणि सगळ्यांत शेवटी हवेली. तिला गाणी नुकतीच तोंडपाठ झाली होती. बापानं विचारल्यावर ती नाही म्हणाली नाही. बापाला नाही म्हणायची तिला सवय नव्हती. एवढंच विचारलं तिनं, "बापू, खरं म्हनू का खोटं?"

"खरंच म्हन," रूपसिंग म्हणाला. "खोटं असलं का पडद्यावर लगेच दिसते."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर येताच मानीला नवरीचा लाल फेटिया, म्हणजे घागरा, आणि आरशांची काचोळी घालून घरासमोरच्या अंगणात चांद्यावर उभी केली. चांद्याच्या पाठीवर झूल टाकली होती आणि पायाशी, दिसेल असं, नंदीछाप पोतं ठेवलं होतं. तांडा सगळा गोळा झाला. मानीनं हात वर केले आणि तोंड उघडलं.

पहिल्या ओळीलाच बायकांच्या ओढण्या डोळ्यांना गेल्या. हा सिनेमा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या आवाजाला कोण सांगणार? मानीनं बापाचं नाव घेतलं, भावांची घेतली, आईचं घेतलं. दाराशी उभ्या बिजलीबाईनं तोंडावर पदर ओढला. रूपसिंग चांद्याचा कासरा धरून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लेक चालली, असं त्याला त्या क्षणी अगदी खरं वाटलं. इतकं सुख आणि इतकं दुःख त्याला आयुष्यात एकदम कधी झालं नव्हतं.

आणि दिग्दर्शकानं हात वर करून थांबवलं. बैलानं तोंड फिरवलं होतं. पुन्हा घ्यावं लागेल, तो म्हणाला. जफरनं रूपसिंगला समजावून सांगितलं आणि रूपसिंगनं ते आपल्या गाडीवानी भाषेत लेकीला सांगितलं, "अजून एक खेप, बाई."

मानीनं अजून एक खेप केली. या वेळी ढग आला. मग पोत्यावरची अक्षरं नीट दिसली नाहीत. मग मागून एक कुत्रं गेलं. प्रत्येक वेळी मानी बापाचं घर सोडून जाई आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणे, पुन्हा. बायका एकेक करून पांगल्या. कामं होती, आणि रडायला तरी किती वेळा रडायचं? मानीचे डोळे कोरडे झाले तेव्हा एका गड्यानं तिच्या गालांवर पाणी शिंपडलं. शेवटी शेवटी तर ती बापाचं नाव असं घेत होती जसं बाजारात कुणी मालाचा भाव सांगावा. रूपसिंगला ते ऐकवत नव्हतं. तरीही कासरा धरून तोच म्हणत होता, एवढीच खेप, बाई, एवढीच.

दुपारी दिग्दर्शक खूश होऊन उठला. मानी खाली उतरली आणि सकाळपासून ज्या घराचा निरोप घेत होती त्याच घरात जाऊन भाकरी थापायला बसली.

होळीच्या सुमाराला फिल्मचा डबा आला. शेठनी पेढे वाटले. ढाणकीच्या बाजारातल्या तंबूत पहिल्यांदा दाखवायचं ठरलं आणि तांड्यातली झाडून सगळी माणसं गाड्या जुंपून आली. मानी आली नाही. डोकं दुखतं म्हणाली. बिजलीबाई तिच्यापाशी राहिली.

दिवे गेले. आधी मरतुकडा बैल दिसला, मग चांद्या. तंबूत एकच शिट्ट्या झाल्या. आणि मग मानी. लाल फेटिया पडद्यावर काळा दिसत होता, पण मानी मानीच होती. तिनं हात वर केले, ओठ उघडले, आणि त्यातून कुण्या परक्या बाईचा पातळ, गोड आवाज आला. ती बाई पेटीच्या सुरावर हिंदीत नंदीछाप ढेपेचे गुण गात होती. पाठोपाठ एक जाड आवाज बोलला की नंदीछाप खाल्लेला बैल लेकीचा भार असा तोलतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तांड्यातल्या एकाचाही हात टाळीला उठला नाही.

रूपसिंग अंधारात चाचपडत जफरच्या यंत्रापाशी गेला. माझ्या पोरीचा आवाज यांनी कापला काहून, असं त्यानं विचारलं.

जफरनं त्याच्याकडे पाहिलं नाही. "कापला नाई, रूपसिंगभाऊ. घेतलाच नोहता. त्यायचं मशीन मुकं होतं. आवाज मांगून मुंबईले भरते. मलेही डबा आला तवाच समजलं."

"म्हनजे तिनं नसतं म्हनलं तं?"

जफरनं पुढचं रीळ उचललं. "नुसते ओठ हालवले असते तरी भागलं असतं," तो म्हणाला.

पडद्यावर आता मुख्य सिनेमा सुरू झाला होता. रूपसिंग बाहेर येऊन गाडीच्या जूवर बसला. बैल गेला आणि झोपा केला, अशी म्हण आहे. इथं बैल जागच्या जागी होता. गेलं होतं ते दुसरंच, आणि त्याला कुठला झोपा बांधणार? त्यानं घरी जाऊन बिजलीबाईला सांगितलं. ती चार शब्द बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं फक्त त्याचं ताट वाढलं. मानीनंही ते ऐकलं असणार. घर केवढं, त्यात लपणार काय?

मग रूपसिंगनं मनाशी एक धरलं, की खरी हवेली अजून व्हायचीच आहे. वैशाखात ती म्हणेल, तीच खरी. तो सिनेमा होता, हे लग्न आहे. चैत्रभर तो याच आशेवर होता. त्यानं चांद्याची शिंगं रंगवली, नवी झूल आणली, गळ्यात घुंगरांचा पट्टा बांधला.

लग्न झालं. निघायच्या वेळी मानी आईच्या गळ्यात पडून रडली, भावांच्या पडून रडली, ढावलो म्हणताना तिला सावरावं लागलं. त्यात काही कमी नव्हतं. रामधनकडची माणसं गाड्या जुंपून थांबली होती. चांद्या अंगणात आणला. भावांनी हात देऊन मानीला वर चढवली. ती उभी राहिली. तिनं दोन्ही हात वर केले.

सगळे थांबले. तिचे ओठ मिटलेलेच राहिले. बायकांना वाटलं, विसरली. एकीनं पहिली ओळ पुरवली, दुसरीनं पुरवली. मानी हात वर धरून उभी होती आणि समोरच्या घराकडे पाहत होती. उन्हानं तिच्या कपाळावर घाम आला होता. थोड्या वेळानं तिनं हात खाली घेतले आणि उतरू लागली.

कासरा रूपसिंगच्याच हातात होता. तिला उतरवून घेताना तो तिच्या कानाशी म्हणाला, "बाई, एक ओळ तरी म्हन."

मानी रागावली नव्हती. रागावली असती तर त्यानं पाय धरले असते. ती अगदी थकलेल्या माणसासारखं म्हणाली, "किती खेपा जाऊ, बापू?" आणि गाडीत जाऊन बसली.

लोकांनी हवं ते म्हटलं. पोर लाजली, ऊन लागलं, आताच्या पोरींना काही येत नाही. खेमसिंग नायक त्या दिवशी पंगतीला थांबला नाही.

सिनेमा पुढे दोन-तीन वर्षं तंबूतंबूतून फिरला. पुसद, दिग्रस, खुद्द यवतमाळलाही लागला. ढेप खूप खपली. घोडाछापवाल्यांनी धसका घेतला म्हणतात. रूपसिंग ढेपेची गाडी घेऊन कुठल्याही बाजारात गेला की कुणीतरी म्हणे, काल तुमची पोरगी पाहिली राजेहो, काय उभी राहते! तो मान हलवून पोती उतरवायला लागे. पूर्वी याच कौतुकासाठी तो गाडी थांबवून बिडी पेटवत बसला असता. जगानं शेवटी बंजाऱ्याचा बैल पाहिला होता. फक्त त्या बैलावरची पोर काय म्हणत होती हे जगाला ऐकू आलं नव्हतं, आणि ज्यानं ते लग्नात ऐकायचं त्या बापाचं ऐकणं राहून गेलं होतं. पुढे फिल्म झिजली, तुटली, आणि शेठचं लक्ष सिनेमावरून दुसरीकडे गेलं.

रूपसिंगच्या घरात काही वाईट झालं नाही, हे सांगितलं पाहिजे. दुष्काळ आला तो सगळ्यांना आला. मुलगे कर्ते झाले, सुना आल्या, विहिरीला पाणी लागलं. आशीर्वादावाचून काही अडलं असं कुणाला दाखवता आलं नसतं. पण रात्री जेवून उठताना तो कधीकधी अंगणात थांबे आणि कान देई. सुनांना वाटे, सासरे म्हातारे झाले.

मानी सणावाराला येई, पोरं घेऊन येई. बापाला तंबाखू आणी, त्याच्या पायाला तेल चोळी, सासरच्या गमती सांगून त्याला हसवी. त्यांच्यात अबोला कधीच नव्हता. त्यामुळेच अडुसष्टच्या दिवाळीला ती आली असताना एका दुपारी रूपसिंगला धीर झाला. बिजलीबाई शेतावर गेली होती. मानी त्याला जेवायला वाढत होती. तो ताटाकडे पाहतच म्हणाला की ते गाणं तुला अजून येतं का? बैल नको, लोक नको. इथंच, बसल्या बसल्या, हळू म्हणून दाखव. एवढ्या वर्षांत त्यानं तिच्याकडे काही मागितलं असेल तर ते एवढंच.

मानीनं भाकरीचा तुकडा मोडला. तिला ते सगळं येत होतं. तिनं ते नणंदेच्या पोरींना शिकवलं होतं.

"येते, बापू," ती म्हणाली. "पन ते घरच्या पोरीनं म्हनाचं असते. मी आता पावनी आहो."

तिनं हे मायेनं सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. मग तिनं त्याच्या ताटात आणखी थोडं वरण वाढलं. रूपसिंग 'हव' म्हणाला आणि जेवू लागला.